उपाशी माळावरचे शिकारी

(नाशिकमध्ये भाद्रपदातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

येताना रामकुंडावरून आले. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, गढूळ झालीय, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांना पाणी लागलंय. नाशिककर पूर मारुतीच्या अंगावर मोजतो. गुडघे, कंबर, छाती. लहानपणी मीसुद्धा अण्णांच्या खांद्यावर बसून तसाच मोजला आहे. आज मी त्याच पाण्याबद्दल बोलणार आहे, पण त्याच्या उंचीबद्दल नाही. ते पाणी वरून काय धुऊन आणतंय, त्याबद्दल. कारण ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि इगतपुरीच्या डोंगरांवरून जे वाहून जातं, त्याच्यावाचून वरच्या माळावर काही झाडं शिकार करायला शिकली आहेत.

समोर दिंडोरी-निफाडकडची बरीच मंडळी दिसताहेत, त्यामुळे माझं काम सोपं आहे. नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, हे शब्द तुम्हाला समजावून सांगायला नकोत. द्राक्षाच्या पानाचा देठ प्रयोगशाळेत पाठवून वेलीला काय कमी पडतंय ते तुम्ही वाचता. कांद्याच्या रोपात पाणी साचलं की ते पिवळं पडतं, हेही तुम्हाला ठाऊक आहे. आजचा विषय एवढ्या भांडवलावर कळतो.

नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथून पन्नासेक किलोमीटरवर, इगतपुरीला, तीन हजारांच्या पुढे. आणि तो सगळा साधारण चार महिन्यांत. आता वरची पठारं डोळ्यांसमोर आणा. खाली काळा बेसाल्ट, त्यावर कुठे दोन बोटं माती, कुठे चार बोटं, कुठे नुसताच खडक आणि त्याच्या खळग्यात साचलेलं पाणी. नायट्रेटच्या रूपातलं नत्र मातीचे कण धरून ठेवत नाहीत, पाणी चाललं की तेही चाललं. जिथे पाणी निघून न जाता साचतं, तिथे दुसरीच गत होते. मातीतली हवा संपते, मग काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. वाहिलं तरी नत्र गेलं, साचलं तरी नत्र गेलं. अशा जमिनीत पाणी भरपूर, ऊन भरपूर आणि पोटात मात्र काही नाही.

खरं तर नायट्रोजनची कमतरता कुठेच असू नये. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो 78 टक्के आहे. पण झाडाला तो थेट घेता येत नाही. हरभऱ्याने, मुगाने त्यावर तोड काढली. मुळांच्या गाठींत जिवाणूंना बिऱ्हाड दिलं, त्यांना साखर पुरवली आणि त्यांच्याकडून नत्र घेतलं. काही झाडांनी मात्र वेगळीच वाट धरली. नत्राने भरलेलं, पंख असलेलं, आपणहून चालत-उडत येणारं काहीतरी त्यांच्या आसपास फिरतच होतं. किडे.

इथे एक गैरसमज आधीच बाजूला ठेवते. 'मांसाहारी वनस्पती' म्हटलं की आपल्याला वाटतं, या झाडांचं जेवण म्हणजे किडे. 1874 मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने मादागास्करात माणूस खाणारं झाड असल्याची बातमी छापली होती. ती धादांत खोटी होती, पण त्या झाडाची चित्रं पुढे कित्येक वर्षं छापली गेली आणि मनात तेच बसलं. प्रत्यक्षात ही सगळी झाडं हिरवी आहेत. ती आपलं जेवण इतर कुठल्याही झाडासारखंच करतात, ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. साखर त्यांची त्यांनाच बनवता येते. किडा हवा असतो तो नत्रासाठी आणि स्फुरदासाठी. हरितद्रव्याच्या एका रेणूत नायट्रोजनचे चार अणू लागतात, प्रथिनांना लागतो तो वेगळाच. तेव्हा किडा म्हणजे त्यांची भाकरी नव्हे. किडा म्हणजे त्यांचं खत. आज घरी जाताना माझं एवढं एक वाक्य नेलंत तरी पुष्कळ.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, एक झाड मारून कळलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. इगतपुरीकडच्या एका पठारावर आमची सहल गेली होती. तिथे मला आयुष्यात पहिल्यांदा दवबिंदू नावाचं किडे पकडणारं झाड दिसलं. तेव्हा कळत नव्हतं म्हणून मी त्यातली दोन रोपं मुळासकट उपटली, रुमालात बांधली आणि पिंपळगावला घरी आणली. अण्णांच्या द्राक्षबागेतली चांगली काळी माती घेतली, त्यात मुरलेलं शेणखत मिसळलं, कुंडी भरली, बोअरचं पाणी घातलं. लाडच केले म्हणा ना. दुसऱ्या दिवशी पानांवरचे थेंब गेले. चौथ्या दिवशी पानं काळी पडली. आठवडा काही निघाला नाही. अण्णांनी कुंडी पाहिली, माती बोटांत चोळून वास घेतला आणि म्हणाले, ''अगं, माळावरच्या उपाशी जिवाला तू बाळंतिणीचं खाऊ घातलंस.'' त्यांनी ते झाड जन्मात पाहिलं नव्हतं, पण निदान अचूक होतं. खताचे आणि बोअरच्या पाण्यातले क्षार या मुळांना सोसत नाहीत. कमी क्षारांत जगायचीच त्यांची घडण आहे. ती दोन रोपं मी आजही मोजते. त्यानंतर एकही उपटलेलं नाही.

आता ते झाड जवळून बघू. आपल्याकडे जे उभं वाढतं त्याला गवती दवबिंदू म्हणतात, शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. वीतभर उंचीचं, कधी त्याहून कमी. पानं दोऱ्यासारखी अरुंद आणि लांब. गवतातून बघत गेलात तर चुकेल, पण तिरप्या उन्हात पाहिलंत तर लांबूनच चमकतं. पानभर लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. सकाळी अकरा-बारापर्यंत आजूबाजूच्या गवतावरचं दव उडून जातं, याच्यावरचं तसंच राहतं. कारण ते दव नाहीच, तो डिंकासारखा चिकट पाझर आहे.

एकदा मी एका रोपापुढे गोणपाट अंथरून सकाळभर पालथी पडून राहिले. सव्वानऊला एक चिलट येऊन बसलं. बसलं म्हणजे त्याचे पुढचे दोन पाय थेंबांना टेकले, एवढंच. ते पाय सोडवायला त्याने मागच्या पायांनी रेटा दिला, तर ते पाय शेजारच्या थेंबांत गेले. पंख फडफडले, एक पंख चिकटला. धडपडीत प्रत्येक हालचालीला एक नवा थेंब अंगाला लागत होता. चिलट हलत होतं, तेवढ्या वेळात केसही हलायला लागले होते. डोळ्याला हालचाल दिसत नाही, घड्याळाच्या तासकाट्यासारखी असते ती. पण अर्ध्या तासाने पाहिलं तर शेजारचे केस त्याच्याकडे वाकलेले स्पष्ट दिसत होते. तोवर चिलट शांत झालं होतं. कीटक श्वास घेतात तो अंगावरच्या छिद्रांतून, आणि ती छिद्रं या पाझराने बुजतात. दुसऱ्या दिवशी गेले तर पानानेच त्या जागी वळण घेतलेलं होतं. चौथ्या दिवशी उरलं होतं ते रिकामं कवच आणि एक पंख. वाऱ्याने तेही गेलं असणार.

मधल्या काळात काय होतं? त्या केसांच्या टोकाला ग्रंथी असतात. त्या पाचक रस सोडतात. प्रथिनं तोडणारे, स्फुरद मोकळं करणारे, आणि किड्याचं कवच ज्या कायटिनचं असतं ते फोडणारे. त्या शेवटच्याची गोष्ट मला फार आवडते. कायटिन बुरशीच्या पेशीभित्तिकेतही असतं. साधी झाडंसुद्धा बुरशी आली की तिच्यावर कायटिन तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात. तुमच्या द्राक्षवेलीकडेही ती विकरं आहेत. म्हणजे दवबिंदूने हत्यार नवं घडवलं नाही. संरक्षणासाठी घरात जे होतं तेच शिकारीला वापरलं. एवढंच काय, जखम झाल्यावर झाडाच्या अंगात जे रसायन धोक्याची वर्दी देतं, त्याच घराण्यातलं रसायन या झाडांत पाचक रस सुरू करायची वर्दी देतं.

चार्ल्स डार्विनला या झाडाच्या युरोपातल्या भावंडाने झपाटलं होतं. 1860 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ससेक्समधल्या माळावर त्याने ड्रॉसेराची एक डझन रोपं गोळा केली. त्यांवर पुरती उमललेली 56 पानं होती, आणि त्यातल्या 31 पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष. हा आकडा बघून तो थांबला नाही. त्याने पानांवर दूध टाकून पाहिलं, कच्चं मांस टाकलं, अंड्याचा पांढरा बलक टाकला. केस वाकले. मग साखर टाकली, स्टार्च टाकला, ऑलिव्हचं तेल टाकलं. केस ढिम्म. नत्र असेल त्याला झाड उत्तर देतं, नत्र नसेल त्याला देत नाही. ही नोंद त्याच्या 1875 च्या पुस्तकात आहे. आणखी एक गोष्ट त्याने टिपली होती, जी आपल्या भागासाठी महत्त्वाची: पावसाच्या थेंबाला हे केस दाद देत नाहीत. माणसाच्या केसाचा अगदी इवलासा तुकडा ठेवला तरी वाकणारा तो अवयव, वरून टपोरे थेंब बडवत असताना गप्प राहतो. विचार करा, इगतपुरीच्या श्रावणात प्रत्येक थेंबाला वाकायचं ठरवलं असतं तर या झाडाचं काय झालं असतं!

तरीही त्या काळी लोक म्हणायचे, किडे चिकटतात हे खरं, पण त्याचा झाडाला उपयोग होतो कशावरून? त्याचं उत्तर डार्विनच्या मुलाने, फ्रान्सिसने, 1878 मध्ये दिलं. दोन गट केले. एका गटाला मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या गटाला काही दिलं नाही. खाल्लेल्या गटाला जवळजवळ अडीच पट बिया आल्या. फरक पानांपेक्षा बियांत जास्त दिसला. शेतकऱ्याच्या भाषेत, खत दिलं आणि ते मालात उतरलं.

आता दुसरं झाड, जे आपल्याकडे दवबिंदूपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि जे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय, पण शिकारी म्हणून ओळखलेलं नाही. सीतेची आसवं. युट्रिक्युलॅरिया. श्रावण-भाद्रपदात अंजनेरीच्या पठारावर चढून गेलात की ओल्या खडकाभोवती निळ्या-जांभळ्या फुलांचे पट्टे दिसतात, पांढऱ्या गेंदांच्या सोबतीने. नखाएवढं फूल, काडीएवढा दांडा. पंचवटीत वाढलेल्या माणसाला या नावापाशी थबकायला होतं. सीतागुंफा इथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्याने नाव ठेवलं त्याने फूल नीट पाहिलं होतं, नाजूक, ओलं, निळसर. जमिनीखाली काय चाललंय ते त्याला दिसणं शक्य नव्हतं.

या झाडाला मुळं नसतात. मातीत त्याच्या दोऱ्यासारख्या फांद्या पसरतात आणि त्यांवर बारीक फुगे असतात. जातीप्रमाणे पाव मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत. प्रत्येक फुगा म्हणजे एक सापळा. फुग्याच्या भिंती आतलं पाणी सतत बाहेर उपसत राहतात. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात, रबरी पिचकारी दाबून धरावी तशा. तोंडाशी पाणी न झिरपू देणारं दार, दारावर बारीक केस. एखादा सूक्ष्म जीव पोहत येऊन त्या केसाला अडला की दार आत लवतं, भिंती फुगतात आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत. 2011 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. त्यानंतर पंधरा-तीस मिनिटांत पाणी उपसून सापळा पुन्हा तयार. वनस्पतींच्या जगात इतकी चपळ शिकार दुसरी नाही. व्हीनस फ्लाय ट्रॅप या अमेरिकेतल्या शिकारी झाडाचं पान मिटायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, तोही याच्यापुढे सावकाश म्हणायचा.

याच घराण्यातल्या काही जाती मातीत न राहता पाण्यावर तरंगतात. भातखाचरांच्या कडेच्या डबक्यांत सापडतात. एका वर्षी मी त्याची एक फांदी काचेच्या पेल्यात, त्याच डबक्याच्या पाण्यात ठेवून पाहिली. नुसत्या डोळ्यांना फुगे दिसत होते, काही काचेसारखे स्वच्छ, काही काळपट. काळपट ते जेवलेले. मग ती फांदी हलकेच पाण्याबाहेर उचलली. कानाजवळ धरली तर बारीक चटचट आवाज आला. सापळे उडत होते, आणि पाण्याऐवजी हवा ओढून घेत होते. परत पाण्यात सोडली तर स्वच्छ फुग्यांत हवेचे चमकते बुडबुडे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी दाखवत असे, आणि एकानेही 'पुन्हा दाखवा' म्हटल्याशिवाय पेला ठेवू दिला नाही.

2013 मध्ये तरंगणाऱ्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. जेमतेम 8 कोटी 20 लाख अक्षरांचा. माणसाचा तीनशे कोटींच्या घरात आहे. एवढ्याशा पोथीत हा सगळा कारभार.

बाकीच्यांचा उल्लेख पटकन करते, कारण ती आपल्याकडची नाहीत. शाळेच्या पुस्तकातली घटपर्णी भारतात एकाच जातीची आहे आणि ती मेघालयात, गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांत वाढते. गारो भाषेत तिच्या नावाचा अर्थ होतो भुताची टोपली. व्हीनस फ्लाय ट्रॅप साऱ्या जगात रानात फक्त अमेरिकेच्या दोन्ही कॅरोलायना राज्यांत, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या टापूत उगवतं. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येची वाळू, व्हेनेझुएलाची पावसाने धुतलेली सपाट माथ्याची पर्वतं, युरोपातल्या शेवाळी दलदली. नकाशावर टाचण्या लावत गेलात तर हवामान वेगळं, खंड वेगळे, पण जमीन एकच: ओली, उघड्यावरची आणि निकस. जगात या झाडांच्या आठशेवर जाती आहेत, आणि त्या एका पूर्वजाच्या नाहीत. वेगवेगळ्या घराण्यांनी नऊ-दहा वेळा तरी ही वाट स्वतंत्रपणे शोधली आहे. जिथे जिथे अशी जमीन मिळाली, तिथे तिथे.

एक मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बोर्निओच्या डोंगरांत एक घटपर्णी आहे, नेपेन्थिस लोवी. तिच्या मोठ्या घटांत किडे फारसे पडत नाहीत. घटाच्या झाकणाला गोडसर पाझर असतो. तो चाटायला खारीएवढा एक प्राणी येतो, घटावर बरोबर बैठक मारतो, चाटता चाटता आत विष्ठा टाकतो आणि जातो. 2009 मध्ये मोजदाद झाली, तेव्हा पानांतलं निम्म्याहून अधिक नत्र त्या विष्ठेतूनच आलेलं निघालं. तिथल्याच दुसऱ्या एका घटपर्णीच्या घटात वटवाघळं दिवसा झोपतात आणि भाडं म्हणून तेच देऊन जातात. मघाशी मी म्हटलं की किडा म्हणजे खत. या झाडाने तर किडासुद्धा मध्ये ठेवला नाही, सरळ लेंडीखतच घेतलं.

मग प्रश्न येतो, इतकी चांगली युक्ती आहे तर सगळीच झाडं का नाही शिकार करत? तुमच्या बांधावरचं आघाडा-टाकळा का नाही करत?

कारण सापळा महाग पडतो. 1984 मध्ये थॉमस गिव्हनिश या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचा जमाखर्च मांडला. जे पान चिकट केस, ग्रंथी आणि पाचक रस यांच्यात गुंतलंय, ते ऊन खायच्या कामात कमी पडतं. डिंक करायला साखर जाते, पाणी जातं. हा खर्च फिटायचा तर ऊन मुबलक हवं, म्हणजे आलेल्या नत्राचं चीज होईल. पाणी मुबलक हवं, म्हणजे डिंक परवडेल. आणि जमीन निकस हवी, म्हणजे तेच नत्र मुळांतून फुकट मिळत नसेल. तिन्ही एकत्र आलं तरच धंदा फायद्यात. सावली पडली, बुडाला. माती सुकली, बुडाला. आणि माती कसदार झाली तर सगळ्यात आधी बुडाला, कारण मग शेजारचं साधं गवत दुप्पट वेगाने वाढतं आणि या बुटक्या जिवाच्या डोक्यावर सावली धरतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या दलदलींत घटासारखी पानं असलेली सारासेनिया असते. तिला जास्तीचं नत्र दिलं तर ती घट करायचं सोडून साधी चपटी पानं काढायला लागते. खत हाताशी आलं, मग सापळा कशाला? हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. स्वीडनमध्ये 2012 च्या अभ्यासात दिसलं की जिथे पावसातून कमी नत्र येतं तिथलं ड्रॉसेरा निम्म्याहून जास्त नत्र किड्यांकडून घेतं. जिथे कारखाने, वाहनं आणि शेतीमुळे हवेतूनच नत्र बरसतं, तिथे हा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. शिकारी शिकार सोडतो आणि पुढे गवताशी शर्यतीत हरतो.

म्हणून मला आपल्या पठारांची काळजी वाटते, आणि ती मी इथे मोकळेपणाने बोलते. सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. ज्या जमिनीत पीक येत नाही ती. गावोगावी हे माळ पोटखराबा, पडीक, निकामी म्हणून ओळखले जातात. एकदा निकामी म्हटलं की तिथे काहीही चालतं. मुरूम काढायचा, प्लॉट पाडायचे, गाड्या घालायच्या. ते तर दिसतं तरी. पण मला जास्त दुखतं ते चांगल्या मनाने केलेलं नुकसान. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका पठारावर वृक्षारोपण झालं. शेकडो खड्डे खणले, ट्रॅक्टरने खालची काळी माती आणून भरली, शेणखत घातलं, रोपं लावली. ती मुलं घाम गाळत होती, सेल्फी काढायलासुद्धा थांबली नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण पुढच्या पावसात प्रत्येक खड्ड्याभोवती हाताहाताचं गवत उठलं. जिथे मी गोणपाट अंथरून झोपले होते, ती जागा त्यातच आहे. दवबिंदू तिथे आता नाही. लावलेली रोपं उन्हाळ्यात करपली, कारण चार बोटं मातीखाली खडकच होता. मी कुंडीतली रोपं मारली होती तसाच तो माळ मेला, लाडाने.

अंजनेरीचा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, ही चांगली गोष्ट. त्याच डोंगराच्या नावाचं एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. जाता जाता त्याची गंमत सांगते. कंदीलपुष्पंसुद्धा माश्या पकडतात. फुलाच्या नळीत आत झुकलेले केस असतात, माशी उतरते आणि अडकते. पण तिथे पाचक रस नाही. काही काळाने केस मरगळतात, माशी परागकण घेऊन सुटते आणि दुसऱ्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. एकाच डोंगररांगेत एक झाड माशीला कोंडून सोडून देतं, दुसरं कोंडून पचवतं. दवबिंदूची तर दोन्हीकडून पंचाईत. त्याला जेवायला किडे हवेत आणि परागीकरणालाही किडे हवेत. म्हणून त्याची गुलाबी फुलं चिकट पानांपासून दूर, दांड्यावर फुलतात.

मघाशी चिठ्ठी आली होती, 'दवबिंदू नेमकं कुठे बघायला मिळेल?' जागेचं नाव मी सांगणार नाही, माफ करा. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे शंभर जोडी बूट जातात, हे मी पाहिलंय. पण कसं शोधायचं ते सांगते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात आताच, दसऱ्याच्या आत जा. पठारावर जिथे गवत घोट्याच्या खाली आहे, खडक उघडा आहे आणि पाय टाकला की पाणी पचकन वर येतं, तिथे थांबा. खडकावर पाय ठेवा, मातीवर नको. सूर्याकडे तोंड करून खाली बसा. उभ्याने दिसत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, ते गळ्यात असू द्या. उपटून काही आणू नका, घरी ते जगत नाही, मी करून बसले आहे.

आणि एकदा मे महिन्यातही त्याच जागी जाऊन या. ऑक्टोबरच्या उन्हात दवबिंदू आणि सीतेची आसवं दोन्ही वाळून जातात. मे महिन्यात तिथे तापलेला दगड असतो, त्याच्या खळग्यात चिमूटभर धूळ. ती धूळ बोटावर घेऊन भिंगाखाली धरलीत तर वाळूच्या कणांत मिसळलेले काळपट, कणाहून बारीक ठिपके दिसतील. ते बी आहे. फुंकर न मारता धूळ जिथून उचलली तिथेच परत ठेवा.